एकसारखे ठोकळे आणि आई

आम्ही तीन भावंडं. ताई, मी आणि धाकटा. आईने आम्हाला तंतोतंत सारखं वाढवलं. हे कौतुक म्हणून सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही नाही. मात्र हे माहीत नसेल तर पुढचं काहीच कळणार नाही.

आई औषधांच्या दुकानात होती. त्या काळी पावडरी दुकानातच तोलून पुड्या बांधून द्यायचे, आणि ते काम आईकडे. दिवसभर तागडीवर डोळा लावून बसलेली बाई घरी आल्यावर तो डोळा मिटेल, ही अपेक्षाच चूक होती. साबणाची वडी आणली की दोऱ्याने तिचे तीन तुकडे. कपडे एकाच ताग्यातले, त्यामुळे धाकट्याच्या शर्टांवर बरीच वर्षं फुलं होती. एकाला ताप आला की तिघांनी पांघरूण घेऊन पडायचं. एकाने काच फोडली की तिघांना एकेक धपाटा, कुणाला वगळल्यासारखं वाटू नये म्हणून. बाबा मध्ये पडायला बघायचे, पण त्यांनाही तागडीच्या काट्याची भीती वाटायची.

याचा परिणाम चांगलाच झाला, असं सगळे म्हणतात. आम्ही तिघं कधी भांडलो नाही. फक्त आमच्यापैकी कुणालाही पहिलं पाऊल टाकता येत नाही. आमच्या घरात पुढे होणं म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचं उचलणं. बशीत उरलेलं शेवटचं बिस्कीट आमच्याकडे कुणी खात नाही, ते मऊ पडून वाया जातं.

तर बाबांच्या माघारी एकटी राहणारी आई मागच्या महिन्यात पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, चालतील, काठी घेऊन चालतील, पण यापुढे एकट्या राहू शकणार नाहीत, आणि तिसऱ्या मजल्यावरचं ते बिनलिफ्टचं घर तर विसराच. येत्या गुरुवारी सोडतो, कुणीतरी घरी घेऊन जा. ‘कुणीतरी’ हा शब्द त्यांनी सहज वापरला. त्यांना आमचं घराणं माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी ताईने मला विचारलं, “आईचं काय करायचं? तुझं काय म्हणणं?”

मी म्हटलं, “धाकटा काय म्हणतो बघते.”

धाकट्याला फोन लावला. तो म्हणाला, “ताई काय म्हणतेय?”

“ती मला विचारतेय.”

“मग मी तिला विचारतो.”

त्याने तिला विचारलं आणि तिने दुसऱ्या दिवशी मला विचारलं. असं गोल गोल सुरू झालं. दर फेरीला निरोप तोच, फक्त विचारणाऱ्याचा आवाज जरा जास्त काळजीचा.

आता ऐकणाऱ्याला वाटेल, तिघांनाही आई नको होती. मला याच गोष्टीचा संताप येतो, म्हणून आधीच सांगते. तिघांनाही ती हवी होती. माझ्याकडे लिफ्ट आहे, नवरा घरी बसून काम करतो आणि माझ्यापेक्षा चांगला स्वयंपाक करतो. ताई एकटी राहते, पण तळमजल्यावर. धाकट्याकडे दोन नातवंडं आहेत आणि भावजय स्वभावाने गरीब. तिघांच्या पारड्यात एकेक भारी मुद्दा, त्यामुळे काटा बरोब्बर मध्यावर. मी ‘माझ्याकडे आणते’ म्हटलं असतं तर त्याचा अर्थ झाला असता की ते दोघं म्हणाले नाहीत. ते मला त्यांच्या तोंडावर म्हणायचं नव्हतं. त्यांनाही माझ्या तोंडावर म्हणायचं नव्हतं. आईला विचारलं तर ती पलंगावरून म्हणाली, “तुम्ही तिघं ठरवा. मला तिघं सारखेच.”

हे वाक्य आम्ही जन्मापासून ऐकत आलो होतो. त्याचा एवढा राग मला पहिल्यांदाच आला.

आता कामाचं सांगते, कारण पुढचं सगळं तिथे घडलं. ताई आणि मी एकाच प्रयोगशाळेत आहोत. ती गणित करते, मी तिच्या गणिताला तारा जोडते. ताईची सगळी हयात एका प्रश्नावर गेली आहे: एकसारख्या भागांचा संगणक. नेहमीच्या संगणकात एक भाग मुख्य असतो, बाकीचे त्याचं ऐकतात. तो मुख्य मेला की सगळं मेलं. ताईचं म्हणणं, मुख्य ठेवायचाच कशाला? हातात मावेल असा एक ठोकळा घ्या. त्याला चार बाजूंना चार शेजारी. त्याला फक्त शेजाऱ्यांचं कळतं, पलीकडचं काही कळत नाही. सगळ्या ठोकळ्यांत एकच नियम भरायचा. असे हवे तेवढे ठोकळे एकमेकांना जोडा. काम दिलं की ते आपापसात वाटून घेतात. मधला एखादा मेला तर त्याचे शेजारी त्याचं काम उचलतात. कुणी मोठा नाही, कुणी धाकटा नाही.

हे सगळं ताईने सिद्ध केलं आहे. सिद्धता जाडजूड आहे आणि जगातल्या चार-सहा लोकांनी ती शेवटपर्यंत वाचली आहे. त्यांना ती पटली. तिच्यात सुरुवातीलाच एक ओळ आहे: ‘सर्व ठोकळे सर्व बाबतींत समान असतील, तर सिद्ध करण्यासारखे काहीच उरत नाही.’ गणितवाले अशा गोष्टीला क्षुल्लक प्रकार म्हणतात आणि पान उलटतात. ताईनेही उलटलं.

ताईला तिचं तत्त्व एवढं पटलेलं आहे की प्रयोगशाळाही तिने तशीच चालवली. ती आमची प्रमुख, पण प्रमुख म्हटलेलं तिला खपत नाही. निरोप फक्त शेजारच्या टेबलाला द्यायचा, त्याने त्याच्या शेजारच्याला. रजा हवी असली तरी असंच. निरोप सगळीकडे पोचेपर्यंत माणूस रजेवरून परत आलेला असतो. एकदा पंखा जळत होता, तेव्हाही धूर आधी पोचला आणि निरोप मागून. ताई म्हणाली, धुराला शेजारी जास्त असतात.

गुरुवारी आमचं मोठं यंत्र बघायला समिती येणार होती. गुरुवारीच आई सुटणार होती. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी आहेत हे ताईला माहीत होतं आणि मलाही. दोघींनी मनाशी धरलं की दुसरीने काहीतरी ठरवलं असेल. धाकट्याने धरलं की आम्ही दोघी रोज एकत्र असतो, म्हणजे आमचं ठरलंच असेल. तिघंही निश्चिंत होतो असं नाही. पोटात खड्डा होता, पण तिघांच्याही पोटात सारखाच होता, त्यामुळे तो कुणाचा आहे हे ठरत नव्हतं.

बुधवारी ताई यंत्राभोवती फिरत होती. यंत्र म्हणजे भिंतभर ठोकळे, प्रत्येकावर एक दिवा. उजवीकडचा शेवटचा ठोकळा मागून तार फिरवून डावीकडच्या पहिल्याला जोडलेला, वरचा खालच्याला. कोपरा कुणालाच नको, म्हणून. कोपऱ्यातला ठोकळा म्हणजे जरा वेगळा ठोकळा, आणि वेगळेपणा ताईला सहन होत नाही. फिरता फिरता ती मधल्या एका ओळीपाशी थांबली.

“हा हिरवा का?”

बाकीचे सगळे निळे. तो एक अगदी पहिल्या खेपेतला, हिरव्या पाटीवर बनवलेला. काम नीट करत होता, म्हणून मी तसाच ठेवला होता.

“जुना आहे,” मी म्हटलं. “जागा व्हायला बाकीच्यांपेक्षा किंचित वेळ घेतो. बाकी काही नाही.”

“समितीला काय सांगू? सगळे एकसारखे, हा सोडून?”

“समितीला रंग दिसेल, बाकी काय दिसणार आहे?”

“मला दिसतंय ना,” ताई म्हणाली.

मला काय, मी बदलला. नवा निळा बसवला, घड्याळ बाकीच्यांशी जुळवलं आणि प्रत्येक ठोकळ्याची वेगवेगळी तपासणी केली. सगळे उत्तीर्ण. ताईने मागे जाऊन भिंतीकडे बघितलं. एखाद्या आईने एकाच कापडाचे कपडे घातलेल्या पोरांकडे बघावं तसं बघितलं. यंत्र सगळं एकदम चालू करून मात्र आम्ही पाहिलं नाही. महिनोन् महिने रोज चालत होतं, आता काय बघायचं?

गुरुवारी समिती आली. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त पूल बांधणारे गृहस्थ होते, घोगऱ्या आवाजाचे, आणि त्यांच्याबरोबर चष्मा डोक्यावर ठेवणाऱ्या एक बाई होत्या, ज्यांना दर दोन मिनिटांनी चष्मा सापडत नव्हता. ताईने थोडक्यात सांगितलं की आता यंत्राला एक मोठं गणित दिलं जाईल, ठोकळे ते वाटून घेतील, मग अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने हवा तो ठोकळा उपटून काढावा, काम थांबणार नाही. अध्यक्षांना उपटायची कल्पना फार आवडली. त्यांनी बाह्या सरसावल्या.

मी खटका ओढला.

भिंतीवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि एकदम विझले. पुन्हा लागले, पुन्हा विझले. मागेपुढे अजिबात नाही.

“वा!” अध्यक्ष म्हणाले.

मी ताईकडे बघितलं. ताई भिंतीकडे बघत होती. रोज यंत्र सुरू झालं की एका ठिकाणी दिवा लागायचा, तो लागलेला राहायचा आणि तिथून उजेड पाण्यात खडा टाकल्यासारखा पसरत जायचा. आज पसरत काहीच नव्हतं.

“काय शिस्त आहे,” चष्मेवाल्या बाई म्हणाल्या.

“मी उभा जन्म माणसांकडून काम करून घेतलं,” अध्यक्ष म्हणाले, “पण एवढी एकी काही बघायला मिळाली नाही. गणित कुठवर आलं?”

ताई भिंतीच्या आणखी जवळ गेली. माझ्या खिशात फोन थरथरायला लागला. नंबर हॉस्पिटलचा होता. मी दारापाशी गेले.

“तुमच्या आई सकाळपासून खाली बाकावर बसल्यात,” नर्स म्हणाली. “खोली दुसऱ्या पेशंटला दिली. कोण येतंय न्यायला?”

“माझा भाऊ असेल बहुतेक.”

“त्यांना केला होता फोन. ते म्हणाले, मोठी बहीण असेल बहुतेक.”

“मग ती...”

“त्यांचा बंद लागतो. म्हणून तुम्हाला केला. अहो, मला एक नाव सांगा. पेशंट कुणाच्या ताब्यात दिला ते लिहावं लागतं, आणि तिथे एकच नाव लागतं.”

“आई काय म्हणतेय?”

“काही नाही म्हणत. पिशवी मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसल्यात. मी चहा दिला तर म्हणाल्या, मुलं येतीलच एवढ्यात.”

‘मी येते’ एवढे दोन शब्द होते. तेही तोंडातून निघाले नाहीत. मी म्हटलं, “पाच मिनिटांत सांगते,” आणि फोन ठेवला, आणि स्वतःचाच एवढा संताप आला की दाराला लाथ मारावीशी वाटली.

आत आले तर ताई समितीसमोर उभी होती.

“हे चालत नाहीये,” ती म्हणाली.

“चालतंय की,” अध्यक्ष म्हणाले. “सगळे दिवे...”

“सगळे दिवे म्हणूनच. कामाला सुरुवात कुणीतरी एकाने करायची असते. प्रत्येक ठोकळा म्हणतो, मी करतो. मग शेजारी बघतो. शेजारीही तेच म्हणत असतो. म्हणून तो मागे होतो, की बाबा तू कर. शेजारीही त्याच क्षणी मागे होतो. पुन्हा दोघं पुढे, पुन्हा दोघं मागे. सगळे एकसारखे, सगळ्यांचा नियम एक, घड्याळ एक. एकाच्या मनात जे येतं तेच सगळ्यांच्या मनात येतं. हे असंच चालत राहील.”

“किती वेळ?”

“वीज आहे तोपर्यंत.”

चष्मेवाल्या बाईंनी डोक्यावरचा चष्मा शोधला आणि डोळ्यांवर आणला. “पण दिसायला एकी दिसते हो.”

“ही एकी नाही,” ताई म्हणाली. “प्रत्येकजण दुसऱ्याची वाट बघतोय.”

एवढं बोलून ती थांबली. मग तिने सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी तिच्या जवळ गेले.

“आई सकाळपासून बाकावर बसलीय,” मी हळूच सांगितलं. “कुणी गेलंच नाही.”

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मी तिला सिद्धता चुकल्यावर बघितलं आहे, विमान चुकल्यावर बघितलं आहे. असा चेहरा कधी बघितला नव्हता. ती अध्यक्षांकडे वळून म्हणाली, “कालपर्यंत यात एक जुना ठोकळा होता, जरा मागे राहणारा. त्याच्यामुळे सगळं सुरू व्हायचं. तो मी काढायला लावला. माझ्या सिद्धतेत हा प्रकार पहिल्याच पानावर आहे. मी त्याला क्षुल्लक म्हटलंय. आता मला जायचंय.”

“मग मी उपटू कधी?” अध्यक्षांनी विचारलं. बाह्या अजून वर होत्या.

“हवा तो उपटा,” ताई म्हणाली. “कुठलाही एक उपटलात की त्याचे शेजारी बाकीच्यांपेक्षा वेगळे पडतील आणि सुरू होईल.”

आम्ही जिन्यावर होतो तेव्हा मागून अध्यक्षांचा आनंदाने ओरडलेला आवाज आला. म्हणजे झालं असावं सुरू. आम्ही परत वळून बघितलं नाही.

गाडी मी चालवत होते. ताई शेजारी बसून खिडकीतून बाहेर बघत होती.

“तुला कधी वाटलं नाही, की सरळ माझ्याकडे आणावं?” तिने विचारलं.

“रोज वाटलं. तुला?”

“रोज.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोलली नाहीस म्हणून.”

मी गाडीचा हॉर्न वाजवला. समोर कुणी नव्हतं.

“ताई, तू एवढी हुशार. जगभर तुला बोलावतात. तुला हे सुचलं नाही?”

“सुचलं असतं,” ती म्हणाली. “पण घरात काय गणित करायचं, असं वाटायचं.” आणि माझ्याकडे वळून, “आज मी आणते तिला. ठरलं.”

“मी आणते. मी आत्ताच ठरवलं.”

“मी आधी म्हटलं.”

“मनात मी आधी म्हटलं होतं.”

हॉस्पिटलच्या फाटकात शिरलो तर समोरून टॅक्सी शिरली आणि तिच्यातून धाकटा उतरला. एका पायात वेगळा मोजा, कचेरीतून पळत आल्याचा चेहरा. नर्सने त्याला पुन्हा फोन केला होता आणि चांगलं फैलावर घेतलं होतं. तिघं एकदमच काचेच्या दारातून आत गेलो.

आई बाकावर होती. केस विंचरलेले, काठी बाजूला, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात. ती एवढी लहान कधी झाली ते मला कळलं नाही. आम्हाला बघून तिने हात हलवला, रागाचं नाव नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

नर्स पेन घेऊन उभी होती. “आले का? चला, एक नाव.”

“माझ्याकडे,” तिघं एकदम म्हणालो.

नर्सने तिघांकडे बघितलं.

“नाही, म्हणजे तुझ्याकडे लिफ्ट आहे,” ताई मला म्हणाली. त्याच क्षणी मी धाकट्याला म्हटलं, “तुझ्याकडे पोरांत तिचं मन रमेल,” आणि तो ताईला म्हणाला, “तुझ्याकडे तळमजला आहे.” मग तिघं गप्प. मग पुन्हा तिघं, “बरं, मग माझ्याकडेच...” आधी तिघं न बोलता अडलो होतो, आता बोलून अडलो. गणिताच्या दृष्टीने फरक शून्य.

“ही काय चेष्टा आहे का?” नर्स म्हणाली.

“पुरे,” आई म्हणाली.

तिने पिशवी बाजूला ठेवली. काठी घेतली, पण उठली नाही, नुसती टेकवली.

“मला थोरलीकडे जायचंय.”

आम्ही कुणी हललो नाही. आईच्या तोंडून तिघांपैकी एकाचं असं वेगळं नाव निघालेलं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. हाक मारायची तरी तिघांना मारायची.

ताई घाईने म्हणाली, “तळमजला आहे म्हणून ना? बरोबर आहे. जिना नको तुला.”

“तळमजल्यासाठी नाही.”

“मग?”

“तू हवीस म्हणून,” आई म्हणाली. “मला पहिल्यापासून तूच हवी असतेस. तू झालीस तेव्हापासून. हे दोघं झाले, तेही माझेच, त्यांच्यासाठीही जीव तुटतो. पण तुझ्यावर जास्त आहे. काय करू? आहे.”

“आई, असं काय बोलतेस? तुला तर आम्ही तिघं...”

“सारखे नव्हतातच कधी. म्हणून तर मोजत बसले सगळी वर्षं. नुसत्या हाताने वाढलं असतं तर सगळं तुझ्याच ताटात पडलं असतं.” तिने माझ्याकडे आणि धाकट्याकडे बघितलं. “तुमच्यावर अन्याय होऊ नये म्हणून फार जपलं मी. फार थकले मोजून. आता मला मोजायचं नाही.”

नर्सने ताईचं नाव विचारलं आणि लिहून घेतलं.

ताई रडायला लागली. तोंडावर हात धरून, लहान मुलीसारखी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. जिने सगळं आयुष्य सारखेपणा सिद्ध करण्यात घालवलं, ती कधीच सारखी नव्हती. धाकटा हसला. “मला वाटायचंच,” तो म्हणाला, आणि तो खरोखर मोकळा झाल्यासारखा दिसला. चाकाची खुर्ची आणायला तो निघूनही गेला, आम्हाला कुणाला न विचारता.

मला मात्र दुखलं. उगाच मोठेपणा कशाला मिरवू? आईची जबाबदारी घ्यायला मी तयार होऊन आले होते. ती घेतली दुसऱ्या कुणी, तर सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. त्याऐवजी मला लुटल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मी एक तृतीयांश होते आणि मला तो माझा हक्काचा पूर्ण तुकडा वाटत होता. माझा हिस्सा कधी कमी नव्हता, एक कणही नाही. आज कळलं की तो तागडीने दिलेला होता.

मी औषधांच्या खिडकीवर गेले, गोळ्या घेतल्या, कुठली कधी द्यायची ते दोनदा विचारून घेतलं. परत आले तर ताई कागदांवर सह्या करत होती, डोळे पुसत पुसत, भलत्याच जागी. धाकट्याने आईला खुर्चीत बसवलं होतं आणि तो टॅक्सीवाल्याला पैसे द्यायला बाहेर गेला होता.

“मधले, इकडे ये,” आई म्हणाली.

मी गेले. पिशवी उचलली आणि गोळ्या आत ठेवल्या. तिच्याकडे बघितलं नाही.

“राग आलाय तुला.”

“नाही.”

“आलाय.”

“आलाय,” मी म्हटलं. “भरपूर आलाय. तू मेल्यावर कळलं असतं तर बरं झालं असतं.”

हे माझ्या तोंडून निघून गेलं. मी घाबरले. आई मात्र खुर्चीत सरळ झाली आणि आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच तिचे डोळे चमकले.

“हे बघ,” ती म्हणाली, “थोरलीला काही बोलायची सोय नाही, लगेच रडते. धाकट्याला बोललं की तो हसतो. मी काय दिवसभर गप्प बसू? तू रोज ये.”

“कशाला?”

“भांडायला. तुझ्याशी भांडल्याशिवाय मला जेवण जात नाही. हॉस्पिटलात महिनाभर कुणी भांडलं नाही माझ्याशी, सगळे आपले गोड बोलतात. अर्धमेली झाले.”

मी खुर्ची दाराकडे वळवली. उतारावर ती माझ्या हातांना ओढ द्यायला लागली, तेव्हा मी दोन्ही पायांनी तोल सावरला. आई काठी आडवी धरून पुढे बघत होती.

“संध्याकाळी येईन,” मी म्हटलं. “रोज. आणि तुला जास्त वाटतं ना तिच्याबद्दल, त्यावरूनच सगळ्यात आधी भांडणार आहे.”

“ये,” आई म्हणाली. “हळू ढकल. तुला कधीच नीट ढकलता आलं नाही.”